दप्तरातल्या अकरा घड्या

ताई, माझा मुलगा पाचवीत आहे. परवा दप्तर धुवायला काढलं, तर बाजूच्या कप्प्यात चिप्सची अकरा रिकामी पाकिटं निघाली, बारीक घड्या घालून दडवलेली. विचारलं तर म्हणाला, मित्रासोबत खातो. त्या मित्राचे आईवडील पहाटेच कामावर जातात. त्याला डबा नसतो, खाऊला पैसे देतात. आम्ही घरात असलं स्वस्तातलं काही आणत नाही. बेक्ड चिप्स, मल्टिग्रेन बिस्किटं, खोक्यातला फळांचा रस, एवढंच. ही संगत तोडावी का?
– काळजीत पडलेली आई

तुमची काळजी खरी आहे, पण संगत तोडू नका.

मला त्या घड्या लागल्या. पाकिटं वाटेत टाकून देणं सोपं होतं, तरी त्याने ती जपून घरी आणली आणि लपवली. सापडलो तर काय होईल, ही धास्ती त्याच्या मनात आहे, आणि आधी ती जायला हवी. एखाद्या खाऊवर जितकी कडक बंदी, तितकी मुलांची त्यावरची नजर हटत नाही, हे अभ्यासांतही दिसलं आहे.

आता तुमचं कपाट उघडा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या शिफारशीत फळांच्या रसातली साखरही वरून घातलेल्या साखरेबरोबरच मोजली आहे. ही सगळी साखर दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. रोज १६०० उष्मांक लागणाऱ्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे २० ग्रॅम, जेमतेम पाच चमचे. मोठा पेलाभर रस प्यायला की एवढी साखर पोटात गेलीच. बिस्किटांचा पुडाही उलटा करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. साखर कितव्या नंबरावर आहे ते बघा. महाग पुडा आणि स्वस्त पाकीट यांत आपण मानतो तेवढं अंतर बऱ्याचदा नसतं.

त्या मित्राची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्याचं ते पाकीट म्हणजे त्याचं जेवण आहे. त्याला चूल लागत नाही, ते नासत नाही, कुठेही मिळतं. पहाटे घर सोडणाऱ्या आईला दुसरं काय सुचणार? तिला नावं ठेवू नका. तुमच्या मुलाला भूक नाही, त्याला सोबत हवी आहे. एकाच पाकिटात दोघांचे हात जातात, कारणं मात्र दोन आहेत.

म्हणून उद्यापासून डबा जरा मोठा द्या. ‘त्याला बिचाऱ्याला दे’ असं चुकूनही म्हणू नका. मुलांना दया लगेच कळते. ‘दोघांना पुरेल’ एवढंच म्हणा. डब्यात काय असावं ते आठवड्यातून दोनदा तरी तुमच्या मुलाला ठरवू द्या. नवा पदार्थ परत आला तर हिरमुसू नका, पुन्हा द्या. चव रुळायला कधी आठ-दहा वेळा लागतात. शाळेच्या कॅन्टीनमध्ये काय विकतात तेही पालकसभेत विचारा, त्या मुलाचा उल्लेख न करता.

आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी त्याला घरी जेवायला बोलवा. पाकिटांचा विषय त्या दिवशी काढू नका.