तहसील कार्यालयात अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतोय. काम नेमकं कोणाचं, हे कसं शोधायचं?

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) खालची १७ बाबींची माहिती बघायला मागा. ती कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची असते आणि त्यातली दुसरीच बाब म्हणजे अधिकारी-कर्मचाऱ्यांचे अधिकार व कर्तव्ये. तुमचा विषय कोणाकडे हे त्यात सापडलं, की 'हे माझं टेबल नाही' चालत नाही. (यादी जुनी असते बऱ्याचदा, बदली झालेल्याचं नाव सोडा, पदनाम बघा.) पुढे राज्याचा २००५ चा बदल्या व विलंब प्रतिबंध कायदा आहे: कलम १० नुसार फाइल साधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे कामाच्या ७ दिवसांहून जास्त राहू नये, हेतुपुरस्सर विलंबाला शिस्तभंगाची कारवाई. प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर मात्र ही मुदत लागू नाही.