चौक लिहिणारी आजी आणि बीएफएचा अर्ज

स. न. वि. वि.

हरसूलजवळच्या पाड्यावरून आपण पाठवलेले पत्र मिळाले. आपली मुलगी नाशिकच्या वसतिगृहात राहून बारावी कला शाखेत शिकते. दिवाळीच्या सुट्टीत तिने गंगापूर रोडवरील एका हॉटेलची 10 फूट उंच आणि 14 फूट रुंद भिंत वारली चित्रांनी रंगवली आणि 7,000 रुपये मिळवले. आता तिला बीएफए (ललित कलेची पदवी) करायचे आहे, तर तिने डी.एड. करून शिक्षिका व्हावे अशी आपली इच्छा आहे. पत्राच्या अखेरीस आपण सहज लिहावे तसे लिहिले आहे की, मालकाच्या आग्रहावरून तिने त्या भिंतीवर पालघट देवीचा चौक, म्हणजे लग्नघरच्या भिंतीवरचे देवीचे चित्रही उतरवले आणि त्याचा फोटो पाहिल्यापासून आजी नातीशी बोलत नाहीत. माझ्या मते सगळ्या पत्रात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, म्हणून आधी तिच्याविषयी लिहितो.

हे आपणास ठाऊकच आहे, पण मुलीला वाचून दाखवता यावे म्हणून मांडतो. आपल्याकडे, वारली समाजात, चौक काढत नाहीत, चौक लिहितात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पाण्यात बुडवलेल्या आणि टोक चावून मऊ केलेल्या काडीने सवाशिणी तो लिहितात, लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि त्या चौकाच्या साक्षीने लग्न लागते. तोच चौक लग्नाविना, अविवाहित मुलीच्या हातून, ॲक्रिलिक रंगात, जेवणाच्या टेबलांमागे उतरला, तेव्हा आजींना राग आला. त्याला कोणी अडाणीपणा म्हटले तरी मी म्हणणार नाही. आपल्या कलेतले काय विकायचे आणि काय घरात ठेवायचे, हा या व्यवसायातला पहिला प्रश्न आहे आणि तो कोणत्याही महाविद्यालयाआधी आजींनीच तिच्यापुढे ठेवला आहे.

याचे उत्तर मात्र एकच नाही. डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे (1934–2018) यांनी चित्रे लिहायला घेतली, तेव्हा हे काम बायकांचे मानले जात असे. त्यांनी लग्नाची भिंत सोडून कागद आणि कापड हाती घेतले, मासेमारीचे जाळे, शेत, तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य असे रोजच्या जगण्यातले विषय घेतले, आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चौकदेखील आज अनेक कलावंत कागदावर करून विकतात. आपल्या मुलीने कोणती वाट धरावी हे मी सांगणार नाही. परंतु येत्या लग्नसराईत तिने आजींच्या शेजारी बसावे, काडी हातात न घेता पीठ कालवून द्यावे, आणि त्यांची परवानगी असेल तरच गाणी मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावीत, एवढे मी आग्रहाने सुचवतो.

आता बीएफएविषयी. चार वर्षांच्या या पदवीसाठी राज्य सीईटी कक्ष जी प्रवेशपरीक्षा घेतो, तिच्यात वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान असे भाग असतात. आपल्या मुलीने पाठवलेली तिन्ही चित्रे सुंदर आहेत, पण स्मरणचित्रात बाजारातली गर्दी काढायला सांगितली तर वारलीतल्या दोन त्रिकोणांच्या माणसांवर गुण मिळणार नाहीत. तिथे अंगाचे प्रमाण, छायाप्रकाश आणि जवळ-लांबचे भान पाहिले जाते. त्यामुळे तिने आतापासून रोज एक तास घरातली भांडी, पायरीवर बसलेली माणसे आणि एसटी स्टँडवरची गर्दी पेन्सिलीने काढावी. या शिक्षणाने वारलीचा हात बिघडतो असे काहीजण म्हणतात. माझा अनुभव असा की, ज्याने घरची रेघ पुरती शिकून घेतलेली असते त्याचा हात बिघडत नाही. बिघडतो तो इंटरनेटवरच्या नमुन्यावरून वारली शिकलेल्याचा.

डी.एड.ला माझा विरोध नाही. आश्रमशाळेत चित्र शिकवू शकणारी, पाड्याची भाषा येणारी शिक्षिका फार मोलाची असते. पण ती पदविका तिने बीएफएला प्रवेश न मिळाल्यास घ्यावी, आपल्या भीतीपोटी नव्हे.

हॉटेलच्या कामासंबंधी एक गोष्ट आपल्या लक्षात आलेली दिसत नाही. कॉपीराइट कायदा, 1957 नुसार मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसल्यास, काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे उद्या मालकाने तीच चित्रे मेनूकार्डावर छापली, तर तिला आणखी पैसे मागता येणे कठीण आहे. मात्र चित्र आपले आहे असे सांगण्याचा चित्रकर्तीचा हक्क कायम राहतो. वारली चित्रकलेला 2014 मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन नावाला संरक्षण देते, एकेका चित्राचा मोबदला ठरवून देत नाही. म्हणून पुढचे काम घेताना साध्या कागदावर का होईना, पण चित्र कुठे आणि किती काळ वापरले जाईल, छपाईसाठी वेगळे पैसे किती, आणि खाली तिचे नाव राहील, एवढे लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मोबदला ठरवताना चौरस फुटाचा भाव सांगूच नये. तो रंगाऱ्याचा हिशेब झाला. संकल्पनेचे पैसे वेगळे आणि भिंतीचे वेगळे सांगावेत.

जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज अजून केला नसेल, तर तो या आठवड्यातच करा. प्रवेशाच्या वेळी मुले अडतात ती बहुधा याच कागदापायी. शिष्यवृत्ती आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीच्या स्वयं योजनेतून मिळणाऱ्या निवास-भोजन साहाय्याची चौकशी तिने वसतिगृहाच्या गृहपालांकडे करावी. आदिवासी विकास आयुक्तालयही नाशिकमध्येच आहे, त्यामुळे तिला त्यासाठी दूर जावे लागणार नाही.

लग्नसराई आटोपल्यावर तिला माझ्याकडे पाठवा. तिने पेन्सिलीची वही सोबत आणावी, आणि आजी येणार असतील तर त्यांनाही अवश्य आणा. चौकाविषयी मला त्यांना दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

आपला,
करिअर मार्गदर्शक, नाशिक