हॉकी खेळाडूला रिटायर झाल्यावर कोच म्हणून करिअर जमतं का?

जमतं भाऊ, पण नुसत्या नावावर नाही. भारताचा गोलकीपर श्रीजेशचंच बघा ना, पॅरिस ऑलिम्पिकला ब्रिटनविरुद्ध आपल्या डिफेंडर रोहिदासला रेड कार्ड मिळालं, दहा जणांत मॅच 1-1 वर धरून ठेवली अन् शूटआउट जिंकला, मग स्पेनला 2-1 हरवून ब्राँझ घेतलं, तिथंच पॅड उतरवले, म्हणजे रिटायर झाला. त्याच 2024 मध्ये ज्युनियर टीमचा कोच होऊन मस्कतला फायनलमध्ये पाकिस्तानला 5-3 हरवून ज्युनियर एशिया कप आणला!

मला वाटतं गोलकीपरला हे जरा सोपं जातं, तो अख्खी मॅच मागून बघतो अन् ओरडून ओरडून डिफेन्स जागेवर लावतो. आपल्या नागपूरच्या व्हीएचए (विदर्भ हॉकी असोसिएशन) ग्राउंडवर पोट्ट्यांची मॅच बघा, सगळ्यात मोठा आवाज कीपरचाच. हॉकी इंडियाचे कोचिंग कोर्स असतात, ते मात्र लवकर करून घ्या.