नव्या आवृत्तीत नेमके कोण दुबळे झाले?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिकाखेळाच्या २०१४च्या नियमांची दुरुस्त आवृत्ती आता पूर्ण झाली आहे. प्लेअर्स हँडबुक सप्टेंबर २०२४मध्ये आले, डंजन मास्टर्स गाइड त्याच नोव्हेंबरात आणि मॉन्स्टर मॅन्युअल फेब्रुवारी २०२५मध्ये. खानदेशातून आलेल्या पत्रांचा सूर बहुतेक एकच आहे: ‘आमचे पात्र कमजोर केले.’ त्यातली काही पत्रे इथे घेतली आहेत.

आमच्या पाचव्या लेव्हलच्या पॅलाडिनला (धर्मयोद्ध्याला) एका टर्नमध्ये दोनदा डिव्हाइन स्माइट (वाराला जोडायचा जादूचा जादा फटका) मारता यायचा, आता एकदाच. आम्ही रविवारी तीन तास खेळतो, त्यात एकच लढाई होते. जुना नियम परत आणावा का? (जळगाव)

आधी हिशेब मांडू. स्ट्रेंग्थ १८, हातात ग्रेटस्वोर्ड, म्हणजे एका वाराचे सरासरी ११ आणि दोन वारांचे २२. या लेव्हलला पहिल्या पातळीचे चार आणि दुसऱ्या पातळीचे दोन स्लॉट (जादू वापरण्याच्या मोजक्या संधी) असतात. सगळे वार लागले असे धरू. जुन्या नियमाने पहिल्या राउंडला दुसऱ्या पातळीचे दोन्ही स्लॉट ओतले (प्रत्येकी ३डी८, म्हणजे आठ बाजूंचे तीन फासे, सरासरी १३.५), की ४९. पुढच्या दोन राउंडना पहिल्या पातळीचे दोन-दोन (प्रत्येकी २डी८, सरासरी ९), म्हणजे ४० आणि ४०. तीन राउंडचे १२९, आणि झोळी रिकामी.

नव्या नियमात स्माइट हा स्पेल आहे आणि वार लागल्यावर लगेच बोनस अ‍ॅक्शन (टर्नमधली एकच जादा कृती) खर्चून टाकावा लागतो. म्हणून ३५.५, ३५.५ आणि तिसऱ्या राउंडला रोज एकदा फुकट मिळणारा स्माइट वापरून ३१. एकूण १०२. पण पहिल्या पातळीचे चारही स्लॉट अजून शिल्लक आहेत. दिवसभराचे नुसते स्माइटचे मोजले तर जुने ६३, नवे ७२. म्हणजे ताकद गेलेली नाही, ती सात टर्नांवर पसरली आहे. तुमच्याकडे दर रविवारी एक लढाई आणि लगेच लाँग रेस्ट (स्लॉट परत देणारी रात्रीची विश्रांती), म्हणून ते सात टर्न येतच नाहीत. लाँग रेस्ट सेशनला बांधू नका, कथेतल्या रात्रीला बांधा. रविवार संपला तरी पात्रांचा दिवस चालू ठेवा आणि उरलेले स्लॉट कॅरेक्टर शीटवर पेन्सिलीने लिहून ठेवा.

खरा तोटा दुसरीकडे आहे आणि तो खेळाडूंच्या उशिरा लक्षात येतो. बोनस अ‍ॅक्शन फक्त स्वतःच्या टर्नला मिळते, त्यामुळे ऑपॉर्च्युनिटी अटॅकवर (निसटणाऱ्या शत्रूवर त्याच्या टर्नला केलेल्या वारावर) स्माइट नाही. ले ऑन हँड्सही आता बोनस अ‍ॅक्शन आहे, म्हणजे एकाच टर्नला जखम बांधायची आणि स्माइटही मारायचा, हे जमणार नाही. सायलेन्स या आवाज बंद करणाऱ्या स्पेलच्या वर्तुळात तो टाकता येत नाही, कारण मंत्र उच्चारावा लागतो. समोरचा जादूगार काउंटरस्पेलने तो अडवू शकतो. बार्बेरियनची एखादी लेव्हल घेतली असेल तर रेजमध्ये (त्याच्या लढाईतल्या संतापात) स्पेल चालत नाहीत, म्हणून स्माइटही नाही. हा शेवटचा फटका आम्हाला अनाठायी वाटतो.

टेबलावर फारच कुरबुर होत असेल तर ‘टर्नमध्ये एकदाच, पण बोनस अ‍ॅक्शन लागत नाही’ एवढी घरगुती सवलत द्या. दोन स्माइट परत आणू नका. आणि ग्रेटस्वोर्डची ग्रेझ मास्टरी शीटवर लिहिली आहे का ते बघा: वार चुकला तरी स्ट्रेंग्थ मॉडिफायरइतके (त्या गुणावरून मिळणाऱ्या भरीइतके), म्हणजे ४, नुकसान होते. पुष्कळ जण ती मोजायलाच विसरतात.

मून ड्रुइड (प्राण्यांची रूपे घेणारा निसर्गपूजक) अस्वल झाला तरी दोन फटक्यांत आडवा होतो. पूर्वी असे नव्हते. (शहादा)

पूर्वी प्राण्याचे हिट पॉइंट (किती मार सोसता येतो त्याचा आकडा) वेगळे मिळायचे. दुसऱ्या लेव्हलला ब्राउन बेअर झाले की ३४, आणि शॉर्ट रेस्टमागे दोनदा. म्हणजे अंगावर ६८ची गोधडी. त्या लेव्हलला दुसरे कोणीच त्याच्या जवळपास नव्हते, त्यामुळे कात्री लागणारच होती. आता हिट पॉइंट स्वतःचेच राहतात. वर टेम्पररी हिट पॉइंट मिळतात ते साध्या ड्रुइडला लेव्हलइतके आणि मून ड्रुइडला लेव्हलच्या तिप्पट. तिसऱ्या लेव्हलला ९.

चूक बहुतेक वेळेची होते. जुन्या सवयीने खेळाडू पाचेक हिट पॉइंट उरेपर्यंत थांबतो आणि मग रूप घेतो. पूर्वी त्याने जीव वाचायचा; आता शून्यावर आला की रूपही जाते आणि शुद्धही. म्हणून पहिल्याच टर्नला, अंगात दम असताना, बोनस अ‍ॅक्शनने रूप घ्या. टेम्पररी हिट पॉइंटची बेरीज होत नाही, म्हणून पहिले संपल्याशिवाय दुसरा वापर जाळू नका. बदल्यात मून ड्रुइडचा आर्मर क्लास (वार लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा) किमान १३ अधिक विस्डम मॉडिफायर होतो. विस्डम १६ असेल तर १६. जुन्या अस्वलाचा ११ होता.

आणखी एक. रूपे आता मोजकी आणि आधी ठरवलेली असतात, सुरुवातीला चारच, आणि लाँग रेस्टनंतर एक बदलता येते. पंख आठव्या लेव्हलपर्यंत विसरा.

हाफ-एल्फ (माणूस आणि एल्फ यांची मिश्र जमात) पुस्तकातून गायब आहे. चालू कॅम्पेनमधले (अनेक बैठकींच्या कथेतले) पात्र फेकून द्यायचे का? (धुळे)

मुळीच नाही. जुनी जमात नव्या नियमात चालते, फक्त तिचे अ‍ॅबिलिटीचे वाढीव गुण सोडून द्यायचे. ते गुण आता बॅकग्राउंडमधून (पात्राच्या पूर्वायुष्यातून) येतात: ठरलेल्या तीन अ‍ॅबिलिटींपैकी एकीला २ आणि दुसरीला १, किंवा तिन्हींना १. बॅकग्राउंड जुने असून त्यात फीट (खास कसब) नसेल तर एक ओरिजिन फीट घ्या. हाफ-एल्फची दोन कौशल्ये आणि डार्कव्हिजन (अंधारात दिसणे) तसेच राहतात. नव्या पुस्तकातला ड्वार्फ घेणाऱ्याने मात्र माउंटन ड्वार्फचे चिलखत धरून चालू नये. ते गेले, आणि चिलखती ड्वार्फ विझार्डही त्याच्याबरोबर गेला.

सातपुड्यातल्या जंगलवाटांवर बेतलेले कॅम्पेन चालवतो. खेळाडू चौघे, तिसऱ्या लेव्हलचे. ऑर्क मॅन्युअलमध्ये नाहीत, वेअरवुल्फला (लांडगा होणाऱ्या माणसाला) साध्या तलवारीनेही इजा होते, आणि आठ गॉब्लिनांची लढाई नव्या हिशेबात ‘लो’ ही सर्वांत सोपी पातळीसुद्धा भरत नाही. राक्षस एवढे मऊ का केले? (चोपडा)

मऊ झाले नाहीत, मोजमाप बदलले. आठ गॉब्लिन, प्रत्येकी ५० एक्सपी (अनुभवाचे गुण), एकूण ४००. जुन्या नियमात सात ते दहा शत्रू असले की अडीचने गुणायचे, म्हणून १०००, आणि चौघांची हार्डची मर्यादा ९००. नव्या नियमात गुणाकारच नाही. तिसऱ्या लेव्हलला माणशी लो १५०, मॉडरेट २२५, हाय ४००. चौघांचे ६००, ९०० आणि १६००. मग कोणी ९०० भरायला अठरा गॉब्लिन मांडतो, आणि एक राउंड संपायला पाऊण तास लागतो. त्यापेक्षा एक ऑगर (४५०), एक गॉब्लिन बॉस (२००) आणि पाच गॉब्लिन वॉरिअर (२५०) घ्या. बरोबर ९००, आणि माणशी दोनपेक्षा कमी शत्रू.

कागदावरच्या ‘लो’वरही डोळे झाकून विसंबू नका. चार लांडगे म्हणजे २०० एक्सपी, पहिल्या लेव्हलच्या चौघांना नेमके लो. पण पूर्वी चावा लागल्यावर स्ट्रेंग्थचा सेव्ह (बचावाचा फासा) फेकता यायचा, आता मध्यम किंवा लहान आकाराचे पात्र थेट आडवे होते. पॅक टॅक्टिक्स (साथीदार जवळ असला की वार लागणे सोपे) आहेच. नवख्या खेळाडूंवर दोनच सोडा.

वेअरवुल्फची साध्या शस्त्रांपासूनची अभेद्यता खरोखर काढली आहे. जुन्या नियमात चांदी किंवा जादू नसलेली टोळी त्याला ओरखडाही काढू शकत नव्हती, आणि एका शस्त्राला चांदी चढवायला १०० सोन्याची नाणी लागायची. दुसऱ्या लेव्हलला ती कुठून आणणार? तरी चांदी शोधायची मजा हवी असेल तर त्याला रेझिस्टन्स द्या: चांदी नसलेल्या शस्त्राचे निम्मेच नुकसान. हिट पॉइंट वाढवू नका, नाहीतर दुहेरी कर बसतो.

ऑर्कच्या जागी ‘टफ’ (गुंड) वापरा, तोही अर्ध्या चॅलेंज रेटिंगचाच (शत्रू किती कठीण त्याचा आकडा). जुना ऑर्क लक्षात राहायचा तो अंगावर धावून येण्यामुळे. तेवढे टफला जोडा: दिसणाऱ्या शत्रूकडे बोनस अ‍ॅक्शनने स्वतःच्या वेगाइतकी धाव. दाट झाडीत धनुर्धाऱ्यांना मागे सरायला जागा नसते, तिथे हे चांगले चावते.

तिन्ही पुस्तके घेणे परवडत नाही. नियम फुकट मिळतात का? (भुसावळ)

बराचसा भाग मिळतो. सिस्टिम रेफरन्स डॉक्युमेंट ५.२ एप्रिल २०२५मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले झाले. पीडीएफ उतरवून घ्या. वरचे स्माइट, वाइल्ड शेप (प्राण्याचे रूप घेणे), लांडगे, ऑगर सगळे त्यात आहे. पण प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास (उपप्रकार) आणि बॅकग्राउंड चारच. ड्रुइडला त्यात फक्त सर्कल ऑफ द लँड आहे, तेव्हा शहाद्याच्या मून ड्रुइडला हँडबुक कोणाकडून तरी मागावेच लागेल.