जळगावचा मुख्य बाजार आता संध्याकाळी फिरायला जाण्यासारखा राहिलाय का?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात बदलीवर जळगावला येताय, सोबत बायको, आठवीतली मुलगी आणि आई आहेत, आणि ऑफिसातल्या एकाने आधीच सांगून टाकलंय की "टॉवर चौक, फुले मार्केट विसरा, संध्याकाळी तिकडे आता कोणी फिरकत नाही."

फिरकत नाही हे साफ खोटं. लग्नसराईत किंवा दिवाळीच्या आठवड्यात संध्याकाळी सातला फुले मार्केटच्या तोंडाशी उभे राहा, पाय ठेवायला जागा मिळाली तर सांगा. पण त्यांना जे म्हणायचंय त्यात तथ्य आहे. लोक तिथे यादी घेऊन येतात, यादी संपली की गाडीला किक मारून निघतात. काही न घेता, नुसतं हिंडायला म्हणून गावात, म्हणजे या जुन्या बाजारभागात जाणं मात्र आटलंय, आणि ते आटूनही बरीच वर्षं झाली.

माझं माहेर शनिपेठेतलं, सासर गणेश कॉलनीत. त्यामुळे बाजाराच्या आत राहणं आणि बाजारात "जाणं", दोन्ही बघितलंय. आमच्या लहानपणी रविवारची वाट ठरलेली असायची. सुभाष चौकातून निघायचं, सराफ बाजाराच्या काचांत डोकावत टॉवर चौक गाठायचा, तिथून फुले मार्केट, मध्ये कुठेतरी कचोरी नाहीतर उसाचा रस, आणि वडिलांचा मूड असला तर राजकमल किंवा नटवरला सिनेमा. दर चार पावलांवर कोणी ना कोणी ओळखीचं भेटायचं. मोठी माणसं बोलत उभी राहायची आणि आम्ही त्यांचे हात ओढत. त्यातला सिनेमा आधी गेला. एकपडदा टॉकीज थंडावल्या आणि त्यांच्या जिवावर जगणाऱ्या वड्याच्या गाड्या, पानटपऱ्या, रिक्षा यांचंही रात्रीचं काम संपलं. शेवटचा शो सुटेपर्यंत रस्ता जागा असायचा. आता साडेनऊला शटरं खाली आली की नेहरू चौकाजवळच्या महापालिकेच्या सतरा मजली इमारतीभोवती कुत्री आणि एटीएमचा दिवा, एवढंच.

"मॉलने बाजार खाल्ला" असं सांगणारे तुम्हाला भेटतील. मला ते पटत नाही. खान्देश सेंट्रल उभं राहिलं ते स्टेशनजवळ, जुन्या खान्देश मिलच्या जागेवर, म्हणजे गावाच्या ऐन मध्यात. त्याने माणसं बाहेर नेली असं कसं म्हणणार?

माझ्या मते जास्त नुकसान गाळ्यांच्या भांडणाने केलं. फुले मार्केट धरून गावातली बरीच मार्केटं महापालिकेची आहेत. त्यांतल्या दोन हजारांवर गाळ्यांची मुदत २०१२ मध्ये संपली. मग भाडं किती, थकबाकी किती, करार वाढवायचा की लिलाव करायचा, यावर नोटिसा, मोर्चे, कोर्टकचेऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. पालिका तेव्हा स्वतःच हुडको या सरकारी संस्थेच्या कर्जाखाली वाकलेली, तिला पैसा हवा होता. गाळेधारक म्हणणार एवढं भाडं आणायचं कुठून. मला यात कोणाची बाजू घ्यायची नाही. पण ज्या गाळ्याचं उद्या काय होणार ते माहीत नाही, त्याच्यावर आज कोण पैसा लावेल? म्हणून जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या, लोंबकळणाऱ्या वायरी आणि पावसाळ्यात गळणारं छत. दुकान आतून चकाचक, दाराबाहेर पाऊल टाकलं की बेवारस.

त्यात अमृत योजनेच्या पाइपांसाठी रस्ते खोदले गेले आणि गाव बराच काळ धुळीत राहिलं. शिवाजीनगरचा ब्रिटिशकालीन रेल्वे पूल २०१९ मध्ये पाडला. नवा होईपर्यंत रुळांपलीकडच्या लोकांना बाजारात यायचं म्हणजे मोठा वळसा. त्याच मधल्या काळात कोरोना. लोकांनी तोवर घराजवळच दुकानं शोधली, आणि तीच सवय लागली.

आणखी एक गोष्ट बाहेरून आलेल्याच्या लक्षात येत नाही. या बाजारातलं निम्मं गिऱ्हाईक जळगावचं कधीच नव्हतं. धरणगाव, एरंडोल, चोपडा, यावल, जामनेर, पाचोरा इथून लोक सकाळच्या एसटीने किंवा रेल्वेने यायचे, सोनं, बस्ता, शेतीचं सामान घ्यायचे आणि दिवेलागणीला परतायचे. ते गेले की शहरातली कुटुंबं बाहेर पडायची. दिवसाची पाळी त्यांची, संध्याकाळची आमची. आता तालुक्याच्या गावीही कापडाची मोठी दुकानं झालीत आणि बाकीचं मोबाइलवर मागवतात. बस्ता आणि सोनं यासाठी मात्र अजून जळगावच लागतं.

हे सगळं एकीकडे ठेवा आणि घरच्या बाईमाणसाला विचारा की गावात दोन तास का थांबत नाही. पहिलं उत्तर येईल, जायचं कुठे? म्हणजे स्वच्छतागृहाला. फुले मार्केटच्या गर्दीत आई आणि मुलगी खरेदीला आल्या तर निर्धास्तपणे जावं अशी जागा सापडणं मुश्कील. म्हणून आम्ही बायका निघताना पाणीच पीत नाही. तेही मे महिन्यात, जेव्हा इथला पारा ४५ च्या पुढे जातो! मोठ्या सराफांकडे एसी असतो, बसायला खुर्ची, थंड पाणी आणि आतल्या बाजूला स्वच्छ बाथरूम. काही घ्यायचं नसताना "आजचा भाव काय आहे हो?" असं विचारत आत शिरणाऱ्या बायका मी पाहिल्यात. मीही त्यांतलीच. जळगावला सुवर्णनगरी म्हणतात त्याचा हा असाही उपयोग.

दुसरं, बसायला जागा नाही. तुमच्या आईंनी टॉवर चौक ते सुभाष चौक चालायचं ठरवलं तर मध्ये टेकायला एक बाक नाही. दुकानाची पायरी हाच आधार. फुटपाथ कुठे असलाच तर त्याच्यावर माल मांडलेला. हॉकर्सना हटवा म्हणणारे पुष्कळ आहेत, पण मी त्यांतली नाही. हातगाड्या गेल्या तर चप्पल, रुमाल, पिना, मुलांचे कपडे असं स्वस्तातलं काही गावात उरणारच नाही. सध्या चालतं ते असं: अतिक्रमणाचं पथक येतंय अशी कुजबुज होते, पाच मिनिटांत गाड्या गल्लीत शिरतात, पथक जातं, गाड्या पुन्हा जागेवर. त्यापेक्षा जागा आखून द्या, एक गल्ली संध्याकाळी वाहनांना बंद करा. पण ऐकतंय कोण.

मग लोक जातात कुठे? महाबळच्या बाजूला. काव्यरत्नावली चौक आणि त्याला लागून भाऊंचं उद्यान, ही आता जळगावची खरी संध्याकाळ आहे. (चौकाचं नाव ऐकून दचकू नका. १८८७ मध्ये याच गावातून नुसत्या कवितांचं मासिक निघायला लागलं, त्याचं नाव चौकाला दिलंय. केळी आणि कापसाच्या गावात!) रिंग रोडकडे बहिणाबाई उद्यानाजवळ खाण्याच्या गाड्या लागतात, तिथे तुमच्या मुलीला तिच्या वयाची पोरं दिसतील. मेहरूण तलावाला सकाळी चालणारे जास्त, पण संध्याकाळीही बरं वाटतं, आणि हिवाळ्यात मेहरूणची बोरं मिळतात ती सोडू नका. नाटक बघायचं तर छत्रपती संभाजीराजे नाट्यगृहही महाबळकडेच. गावातलं बालगंधर्व खुलं नाट्यगृह आहे, बालगंधर्व लहानपणी जळगावातच गाणं शिकले, पण तिथे रोज काही नसतं. सुट्टीच्या दिवशी एकदा शिरसोली रोडला जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ, म्हणजे गांधीजींवरचं संग्रहालय, बघून या, आईंना आवडेल.

जेवायला बाहेर जाणं म्हणजे जळगावकरासाठी हायवेच. गावात चांगल्या खानावळी आहेत, पण कुटुंब घेऊन निघालेला माणूस गाडी लावायला जागा बघतो, आणि ती ढाब्यावर असते. शेवभाजी मागवलीत तर शेव वेगळी द्यायला सांगा आणि जेवताना टाका, नाहीतर ताट येईपर्यंत लगदा होतो. थंडी पडली की मात्र हॉटेल विसरा. असोद्याकडची मोठी हिरवी वांगी, काड्यांवर भाजून ठेचलेली, वर कांद्याची पात, सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. तुमच्या ऑफिसात डिसेंबरात कोणीतरी शेतात भरीत पार्टी ठरवेलच. नाही म्हणू नका. जळगावात ओळखी अशाच होतात.

आता गावात अजून काय उरलंय ते सांगते, कारण तुमची बायको मला विचारेल. मॅचिंग. साडीवर ब्लाउजपीस हवा असेल तर फुले मार्केटला पर्याय नाही. भिंतभर थानं रचलेली असतात, काउंटरवरचा पोरगा साडीचा काठ एकदा बघतो आणि न शोधता तीन थानं खाली ओढतो. मग साडीचं टोक आणि कापड दोन्ही घेऊन दुकानाच्या पायरीवर जातो, कारण ट्यूबलाइटखाली रामा आणि मोरपंखी एकच दिसतात. "नाय भाभी, हा नका घेऊ, याच्यात पिवळा मारतोय," असं म्हणून स्वतःचंच कापड परत ठेवतो. ऑनलाइनवाला हे करेल? म्हणून मॅचिंगला उन्हं असतानाच जायचं. फॉल-पिको तिथेच शेजारी टाकता येतो.

आणि एक दिवस तरी गावात जाच: कार्तिकी एकादशीला. जुन्या जळगावातून श्रीरामाचा रथ निघतो, दीडशे वर्षांहून जुनी प्रथा आहे. रथाला ना ब्रेक ना स्टिअरिंग. पुढे दोर ओढणारी माणसं आणि चाकांशी लाकडी मोगरी घेतलेले लोक. वळण आलं की नेमक्या चाकाखाली मोगरी सरकवायची, रथ कुरकुरत वळतो, लगेच मोगरी काढायची. हात कधी आत घालायचा आणि कधी काढायचा हे बघताना आपलाच श्वास अडकतो. भिलपुऱ्यात लालशहा बाबांच्या दर्ग्यापाशी रथ थांबतो आणि चादर चढवली जाते. त्या दिवशी महाबळचे, रामानंदनगरचे, पिंप्राळ्याचे सगळे गावात. रस्ते तेच, अरुंद, तरी लोक रात्री उशिरापर्यंत ओट्यांवर बसलेले असतात. गावात थांबायला लोकांना आवडत नाही असं कोणी म्हटलं की मी त्यांना हा दिवस सांगते.

धुळ्याच्या माझ्या नणंदेचं म्हणणं, आमचा आग्रा रोडचा बाजार तुमच्यापेक्षा बरा. तिथल्याच पाचकंदीलला तिच्यासोबत फिरल्यावर मला ते थोडं मान्य करावं लागलं. गर्दी, हातगाड्या, हॉर्न यात धुळं आपल्याला हार जाणार नाही. पण तिथल्या नंबरांच्या गल्ल्यांमध्ये दुकानांच्या मागे आणि वर अजून माणसं राहतात. रात्री दहाला कोणी ना कोणी ओट्यावर गप्पा मारत असतं. आमच्या नवी पेठेत, जिल्हा पेठेत वरच्या घरांचे दवाखाने, क्लासेस, गोदामं झाली. राहणारे गेले म्हणून रात्र गेली. नणंदेला मात्र हे सांगू नका.

तेव्हा तुमच्यासाठी: घर महाबळ, रामानंदनगर किंवा गणेश कॉलनीच्या बाजूला बघा, आईंना भाऊंच्या उद्यानापर्यंत चालत जाता येईल अशा बेताने. मुलीच्या सायकलवर जाण्याचा प्रश्नही सुटेल, फक्त हायवे ओलांडावा लागणार नाही एवढं पाहा. गावात आठवड्यातून एखादी फेरी करा, उन्हाळ्यात मॅचिंगचं काम नसेल तर सातच्या आत नको. चारचाकी अजिबात नेऊ नका. रिक्षाने जा, भाडं बसायच्या आधी ठरवा, नेहरू चौकात उतरा आणि तिथून पायी. आधी खरेदी उरका, खाणं नंतर. उलट केलंत तर पोट भरेल, पण शटरं पडलेली असतील आणि साडी फॉल-पिकोशिवायच घरी येईल.