पैसे भरण्याआधी क्लास एकदा नुसता बघून या

कुत्र्याच्या पिल्लाला ट्रेनिंग क्लासला घालायचंय आणि ते अडीच महिन्यांचं आहे म्हणता, म्हणजे वेळ अगदी योग्य आहे. 'सहा महिन्यांचं झालं की बघू' हा सल्ला ऐकू नका. साधारण 3 ते 14 आठवड्यांच्या वयात पिल्लू जे बघतं, हुंगतं, त्याला ते पुढे सहसा घाबरत नाही. रिक्षाचा हॉर्न, उघडणारी छत्री, वॉचमनची काठी, सगळं यात आलं. फक्त पार्व्हो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या संसर्गजन्य आजारांवरच्या लसींचे डोस सुरू झालेले हवेत. क्लासवाले बाकीच्या पिल्लांची लसीकरणाची कार्डं बघत नसतील तर तिथे जाऊच नका.

एक दिवस पिल्लाला घरी ठेवून तिथे तासभर बसा. ट्रेनरकडे नको, कुत्र्यांकडे बघा. शेपटी पायात, कान मागे, सारखं ओठ चाटणं, जांभया, हे शिस्तीचं लक्षण नव्हे, भीतीचं आहे. आमच्या पहिल्या कुत्रीला मी चोक चेनवाल्या (ओढली की गळ्याभोवती आवळणारी साखळी वापरणाऱ्या) क्लासला घातलं होतं. पंधरा दिवसांत 'बस' शिकली खरी, पण हातात पट्टा दिसला की पलंगाखाली शिरायची. ते मला अजून सलतं.

म्हणून थेट विचारा, 'कुत्रं चुकलं तर काय करता?' 'पट्ट्याला झटका देतो' असं उत्तर आलं की उठा. उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे जवळ ठेवून शिकवणारा माणूस शोधा. बॅचमध्ये पाच-सहाच पिल्लं असावीत. आणि 'महिनाभर आमच्याकडे सोडा, शिकवून देतो' म्हणणाऱ्यांकडे तर नकोच. त्याला रोज फिरवणार तुम्ही, तेव्हा शिकायचं तुम्हालाही आहे.