सीसीत साहेब

गेल्या काही वर्षांत एकच प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या तोंडांनी येतो. "मॅडम, ऑफिसात कोणी ओरडत नाही, शिवी देत नाही. नुसते मेल येतात. ते वाचूनच डोकं फिरतं. माझंच काही बिनसलंय का?" विचारणारे बँकेतले असतात, हॉटेलच्या बुकिंग डेस्कवरचे असतात, एकदा तर एक मुख्याध्यापिका होत्या. विचारताना सगळेच जरा ओशाळतात. नवऱ्याची दारू, मुलाचा अबोला असली दुखणी घेऊन लोक बाहेर बाकावर बसलेले असताना 'मला सहकाऱ्याचा मेल झोंबला' हे सांगायची लाज वाटते. म्हणून एकीची हकीकत सांगते, तिला विचारून आणि ती ओळखू येणार नाही इतपत तपशील बदलून.

ती गोव्यातल्या फोंड्याची, वय ३६. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या खरेदी विभागात काम करते, जा-ये कंपनीच्या बसने. पहिल्या दिवशी तिने मेलचं नावही काढलं नाही, पोटाचं सांगितलं. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो, डॉक्टरांनी आम्लपित्ताच्या गोळ्या देऊन पाहिल्या, मग म्हणाले एकदा समुपदेशकाकडे जाऊन या. अर्धा तास सासूबाई, मुलाची शाळा आणि चतुर्थीचा खर्च यांत गेला. ती उठली, छत्री घेतली, आणि पर्समध्ये फोन 'टिंग' झाला. तिचा हात पर्सकडे गेला नाही, पोटाकडे गेला.

"बस जरा," मी म्हटलं. "बघ काय आलंय ते."

तिने फोन माझ्यापुढे धरला. सकाळच्या स्वतःच्याच मेलवर सहकाऱ्याने पुन्हा उत्तर पाठवलं होतं. त्यात एकच अक्षर, तेही अक्षर नव्हे: ?

आणि सीसीत, म्हणजे प्रत ज्यांना जाते त्या रकान्यात, साहेब.

"नुसतं प्रश्नचिन्ह, मॅडम. मी काय कुत्रं आहे, यू यू करायला?"

मग बांध फुटला. तो 'ॲज पर माय लास्ट मेल' लिहितो. 'जेंटल रिमाइंडर' लिहितो आणि त्याला तांबडं निशाण लावतो. तिचं नाव तिच्या मेलखाली सहीत नीट लिहिलेलं असताना स्पेलिंग चुकवतो. विषयाच्या ओळीत काही नसतं, नाहीतर जुन्याच मेलला उत्तर देऊन त्यात नवं काम घुसवतो. काचेच्या व्हायलचा दर त्याने एकदा 'दिवाळी स्वीट्स' या विषयाखाली विचारला होता, आणि नंतर तो मेल शोधता शोधता तिची दुपार गेली. रात्री पावणेअकराला मेल टाकतो. आणि एकदा तिच्या तक्त्यातला आकडा चुकला, तर 'रिप्लाय ऑल' करून १४ जणांसमोर दुरुस्ती केली. तिने रागाच्या भरात तिथल्या तिथे उत्तर धाडलं, पाठोपाठ पश्चात्ताप झाला, म्हणून पाठवलेला मेल परत घ्यायचं, रिकॉलचं बटण दाबलं. आउटलुकचं रिकॉल फार तर आपल्याच कंपनीच्या आत चालतं, तेही नेहमी नाही. ज्यांनी मेल उघडला नव्हता त्यांच्याकडेही 'अमुक व्यक्ती हा संदेश परत घेऊ इच्छिते' अशी चिठ्ठी पोचली, आणि मग तर सगळ्यांनी तो मुद्दाम शोधून वाचला.

'मनावर घेऊ नकोस' हे वाक्य माझ्या खोलीत मी बंद केलं आहे. ज्याने घेतलं आहे त्याला ते सांगून काय उपयोग? मी तिला म्हटलं, त्याचे दहा मेल छापून आण. दर, नावं, कंपनीचं जे काही असेल ते काळ्या पेनाने खोडून.

पुढच्या आठवड्यात तिने अकरा आणले. मी म्हटलं, मोठ्याने वाच. ती वाचू लागली आणि तिचा आवाजच बदलला. बारीक, नाकातला, शब्द चावून चावून काढलेला.

"हा असा बोलतो?"

ती थांबली. "छे. तो तर पुटपुटतो. काय म्हणतो ते दोनदा विचारावं लागतं."

"मग हा आवाज कोणाचा?"

बराच वेळ विचार करून म्हणाली, "टीव्हीवरच्या सासूचा."

आम्ही दोघीही हसलो, पण माझ्या मते दुखणं इथेच सापडलं. कागदावर आवाज नसतो, तो वाचणारा पुरवतो. २००५ साली क्रूगर, एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत नेमकं हेच तपासलं होतं. काही वाक्यं उपरोधाने, काही गंभीरपणे लिहायची, आणि समोरच्याला त्यातलं कुठलं कोणतं हे ओळखता येईल का, याचा लिहिणाऱ्याने अंदाज बांधायचा. मेलने पाठवणाऱ्यांचा अंदाज होता, ७८ टक्के वेळा कळेल. प्रत्यक्षात कळलं ५६ टक्के. दोनच पर्याय होते, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी ५० टक्के जमलं असतं. तीच वाक्यं आवाजात ऐकवल्यावर मात्र सुमारे तीन चतुर्थांश वेळा बरोबर ओळखली गेली.

त्यातून आपल्याकडे भाषेचा गुंता. तो पेडण्याचा, ही फोंड्याची. कँटीनमध्ये दोघं कोकणीत बोलतात, घरी पेपर मराठी, देवळात भजन मराठी, आणि मेल लिहायचा इंग्रजीत. ते इंग्रजीही पुस्तकातलं नव्हे, आधीच्या साहेबाने लिहिलेलं बघून उचललेलं. शाळेच्या अर्जाखाली आपण सगळ्यांनी 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असं लिहिलं; आपल्यात आज्ञाधारक किती होते? आजोबांच्या पत्रात वर 'सा. न. वि. वि.' असायचं आणि खाली 'लोभ असावा'. मधला मजकूर कितीही कडू असला, भाऊबंदकीचा का असेना, ही दोन टोकं त्याला धरून ठेवायची. मेलमध्ये आपण ती टोकं कापली आणि त्या जागी 'काइंडली' ठेवलं. ते 'काइंडली' मला तरी नेहमी सरकारी नोटिशीसारखं ऐकू येतं.

म्हणून मी तिला म्हटलं, आता हेच मेल कोकणीत वाच, तो पुटपुटतो तसं. 'काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट' याचं 'बाय, तें काम बेगीन करशी?' झालं. एकेक मेल मऊ पडत गेला. ते अख्खं तांबडं निशाणही. दोन मेल नुसते आळशीपणाचे निघाले, दिवाळी स्वीट्सचा त्यातलाच. पण १४ जणांसमोरची दुरुस्ती कोकणीत वाचली तरी बोचली. आणि प्रत्येक वेळी सीसीत असलेल्या साहेबांचं भाषांतर करायला तर शब्दच नव्हते.

या दोन गोष्टी म्हणजे कल्पनेचे खेळ नव्हते, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. त्याने तिला फार बरं वाटलं.

त्याच भेटीत मी तिचेही दोन मेल मागितले. तिने फोनवर शोधून दाखवले. त्याने दीड पानभर माहिती पाठवली होती आणि हिने उत्तर दिलं होतं: 'नोटेड.' पूर्णविरामासकट. मी तेवढा एक शब्द टीव्हीवरच्या सासूच्या आवाजात वाचून दाखवला.

"मॅडम, मी तर फक्त कामात होते!"

मी काहीच बोलले नाही. तीच थोड्या वेळाने म्हणाली, "तोही कामात असेल म्हणा."

सीसीबद्दल थोडं सांगते, कारण बहुतेकांच्या तक्रारीच्या मुळाशी तेच असतं. सीसी म्हणजे कार्बन कॉपी. माझ्या पहिल्या नोकरीत टाइपरायटर होता. कागदांमध्ये कार्बन घालायचा, कडा जुळवायच्या, कळा जोराने दाबायच्या, आणि तरी चौथी प्रत भुतासारखी फिकट यायची. पाचव्या माणसाला प्रत पाठवायची तर पुन्हा टाइप करावं लागे, त्यामुळे त्याला खरंच गरज आहे का हे आधी विचारलं जाई. आता नावाची दोन अक्षरं टाइप केली की साहेब हजर. त्यात औषध कारखान्यांचा शिरस्ता असा की जे लिहिलं नाही ते घडलंच नाही. बॅचच्या नोंदीसाठी ते योग्यच आहे, त्यावर लोकांचे जीव अवलंबून असतात. पण ती सवय हळूहळू साध्या मेलमध्येही झिरपते. सीसी म्हणजे साक्षीदार उभा करणं. साक्षीदार बोलावणारा माणूस बहुधा स्वतःच घाबरलेला असतो, मात्र समोरच्याला आपण आरोपीच्या पिंजऱ्यात आहोत असंच वाटतं.

तिने त्याला पाठवायला एक मसुदा लिहून ठेवला होता. छापला असता तर तीन पानं भरली असती. मी म्हटलं, आधी 'टू'मधला त्याचा पत्ता पुसून टाक, चुकून बोट लागलं तर पंचाईत. जीमेलला पाठवलेला मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात, आणि राग काही तेवढ्यात उतरत नाही. मेलबद्दलचं भांडण मेलवर नेलं की ते संपत नाही हे मी इतक्यांच्या बाबतीत पाहिलं आहे की यावर मी हट्टच धरते. त्याची खुर्ची तिच्यापासून वीस पावलांवर होती. चहाच्या वेळी बोल, म्हटलं.

इथे तालीम केली तीही कोकणीत. ती वैतागून म्हणाली, "मॅडम, कोकणीत नीट राग येतच नाही." मी म्हटलं, बरंच आहे की.

चहा झाला. तिने दोनच गोष्टी काढल्या, बाकी नऊ मेल घरी ठेवले. 'ॲज पर माय लास्ट मेल' मात्र तोंडून निघून गेलंच. तर तो चक्रावून म्हणाला, "म्हाका दिसलें अशेंच बरोवपाचें आसता." म्हणजे, मला वाटलं असंच लिहायचं असतं. पहिल्या कंपनीतले वरिष्ठ तसं लिहायचे, त्याला ते अदबीचं वाटलं होतं. रात्रीचे मेल मूल झोपल्यावर बसून लिहितो, तेव्हा उत्तर यावं अशी त्याची अपेक्षाही नव्हती. साहेब हैदराबादचे, नवे आलेले. एका ऑडिटनंतर त्यांनीच त्याला बजावलं होतं की खरेदीच्या प्रत्येक मेलमध्ये मला ठेव. हे त्याने हिला कधी सांगितलंच नव्हतं, हिला माहीत असेल असं धरून चालला होता. आणि १४ जणांची गोष्ट निघाल्यावर तो गप्प झाला. चहाचा ग्लास फिरवत राहिला, मग म्हणाला, "तें चुकलें."

तिची अपेक्षा होती की दुसऱ्या दिवशी तो त्या १४ जणांना मेल टाकून हे कबूल करेल. त्याने तसं केलं नाही. ते तिला अजून सलतं. चौघांत केलेला अपमान एकट्यात मागे घेतला की तो अर्धाच मागे येतो, असं मला वाटतं, आणि 'सोडून दे' असं मी तिला म्हटलं नाही.

पोटाचं म्हणाल तर आम्ही एक खूण ठरवली. संध्याकाळी बस बोरीच्या पुलावर चढली की कामाचा मेल बंद. पुलाच्या अलीकडे काय ते बघायचं. खरेदी विभागात दिवसातून दोनदाच मेल बघा वगैरे सल्ले चालत नाहीत, माल अडतो. पण जुवारी नदी ओलांडल्यावर सहसा काही अडत नाही. पहिले चार दिवस तिने फोंड्याला पोचेपर्यंत फोन तीनदा हातात घेतला. तिसऱ्या आठवड्यात सोमवारी तिची गोळी घ्यायची राहिली, आणि ते तिच्या ध्यानात आलं मंगळवारी.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवायची. मेलमध्ये शिवीगाळ असेल, धमकी असेल, बाईमाणसाला अश्लील किंवा अंगचटीला येणारं काही लिहिलेलं असेल, तर तिथे कोकणीत वाचून मऊ करायचा खेळ नको. ते जपून ठेवायचं, तारखेसकट छापून ठेवायचं. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, आणि तिथे लेखी मेल हा पुरावा उपयोगी पडतो. माझ्याकडे येणाऱ्या काहीजणी आधी मेल रागाने डिलीट करतात आणि मग येतात. तसं करू नका.

शेवटच्या भेटीला ती आली तेव्हा चतुर्थी होऊन गेली होती, डब्यात नेवऱ्या होत्या. बोलता बोलता पर्समध्ये टिंग झालं. तिने फोन काढला, वाचला, आणि खुदकन हसून माझ्यापुढे धरला. विषय: व्हायलचा दर. खाली रोमन अक्षरांत कोकणी, एकच ओळ: 'बाय, रेट आयलो?'

सीसीत साहेब होतेच.

"ते जायचे नाहीत," ती म्हणाली. "पण काल त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, 'आयलो' म्हणजे काय?"